प्रतीक्षा यादी कपाटात ठेवू नका

‘मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेची अटल लॅबही, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं बनवून पाहायची प्रयोगशाळा, माझ्याकडेच आहे. आमची संस्था दरवर्षी जिल्ह्यातल्या शाळांसाठी रोबोटिक्स स्पर्धा भरवते. लाइन फॉलोअर, म्हणजे मॅटवरच्या रेषेमागे आपोआप चालणाऱ्या रोबोच्या तीन फेऱ्या आणि परीक्षकांसमोर दहा मिनिटांची मुलाखत, असं स्वरूप असतं. हॉलमध्ये २४ टेबलं बसतात, म्हणून २४ संघ घेतो. यंदा ४१ शाळांचे अर्ज आले. गुगल फॉर्म ज्या क्रमाने आले त्या क्रमाने पहिले २४ घेतले आणि उरलेल्या १७ शाळांची वेटिंग लिस्ट केली. मागच्या आठवड्यात दोन संघांनी माघार घेतली. वेटिंग १ वर लांबच्या तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा होती. तिथल्या सरांनी परवानगी आणि गाडीची सोय करायला दोन दिवस मागितले. मी ‘चालेल’ म्हटलं. वेटिंग २ ने लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या एका विश्वस्तांचा फोन आला आणि मुख्याध्यापकांनी वेटिंग १ साठी ठेवलेली जागा वेटिंग ९ ला द्यायला सांगितली. त्या शाळेशी विश्वस्तांचं नातं आहे. मी दिली. त्याच संध्याकाळी जि. प. शाळेच्या सरांचा होकाराचा फोन आला, तेव्हा ‘सर, जागा भरली’ एवढंच बोलले. आता वेटिंग ३ च्या शाळेतले पालक यादी दाखवा म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात, यादी ही अंतर्गत बाब आहे, कुणाला दाखवायची नाही. स्पर्धा बारा दिवसांवर आली आहे. मला झोप लागत नाही. काय करू?’

एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

आधी जि. प. शाळेच्या सरांना फोन करा. मुख्याध्यापकांशी बोलणं, यादी, पालक, हे सगळं त्यानंतर. फोनवर फार लांबण लावायची गरज नाही. ‘सर, त्या दिवशी मी तुम्हाला जागा भरली असं सांगितलं. ती जागा दोन दिवस तुमच्यासाठी राखून ठेवायचं मी कबूल केलं होतं आणि मुदत संपायच्या आत ती आमच्याकडून दुसऱ्या शाळेला दिली गेली. हे चुकीचं झालं. मी ते दुरुस्त करायच्या मागे आहे. परवा दुपारपर्यंत तुम्हाला नक्की काय ते कळवते.’ एवढं बोला. जागा देऊ असं वचन मात्र आत्ता देऊ नका, कारण ते तुमच्या एकटीच्या हातात नाही, आणि त्या मुलांना दुसऱ्यांदा शब्द देऊन तो फिरवणं फार वाईट.

सरांनी दोन दिवस का मागितले, तेही पाहू. गावातल्या शाळेला मुलं बाहेर न्यायची तर मुख्याध्यापकांची सही लागते, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र लागतं, संघात मुली असतील तर बरोबर शिक्षिका लागते, एसटी सोयीची नसेल तर जीप ठरवावी लागते आणि तिचे पैसे कुठून आणायचे हेही बघावं लागतं. एखादा पालक ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर गेलेला असला की संमतीपत्रासाठी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. हे सगळं त्या सरांनी दोन दिवसांत उरकलं आणि मुदतीच्या आत होकार कळवला. जिल्ह्यात इतक्या तत्परतेने उत्तर देणारे शिक्षक फार नसतील. त्यांना खरं कारण कळलंच पाहिजे. नाहीतर ते आपल्या मुलांना सांगतील की आपण उशीर केला, आणि ते खोटं असेल.

आता अन्याय नेमका कुणाकुणावर झाला ते नीट मांडू. तुमच्या पत्रातून वाटतं की तुमच्या मनात एक जि. प. शाळाच आहे. पण वेटिंग ९ ला जागा गेली तेव्हा तीन ते आठ या सहाही शाळा ओलांडल्या गेल्या. उद्या हॉलमध्ये एक टेबल वाढवून जि. प. शाळेला बोलावलंत तर त्या एका शाळेचं समाधान होईल, पण वेटिंग ३ चे पालक विचारतील: ‘टेबल वाढवता येत होतं, तर नऊ नंबर आत आणि आम्ही बाहेर का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून गुपचूप एक टेबल वाढवून वेळ मारून नेऊ नका. तुम्हाला ते सुचलं असेलच, आणि मुख्याध्यापकही बहुधा तेच सुचवतील.

माझ्या मते तुमच्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. पहिली म्हणजे यादीच्या क्रमाने नऊपर्यंत सगळ्यांना आत घेणं. वेटिंग २ आणि ९ आत आहेतच. राहिल्या एक, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, अशा सात शाळा. २४ चे ३१ संघ होतील. ऐकायला हे भलतंच वाटतं, पण कागद घ्या. एका फेरीला मॅटवर रोबो ठेवणं, धावणं, गुण लिहिणं आणि पुढचा संघ येणं धरून पाच मिनिटं लागतात असं समजा. २४ संघांच्या तीन फेऱ्या म्हणजे ३६० मिनिटं. दोन मॅट असतील तर तीन तास. ३१ संघांना त्याच हिशोबाने चार तासांना थोडे कमी लागतील. म्हणजे साधारण तासाभराची भर. दहाला सुरू होणारी स्पर्धा नऊला सुरू केलीत तर वेळ बसतो. मुलाखतींसाठी आणखी सत्तर मिनिटं लागतील, आणि परीक्षकांच्या दोन जोड्या असतील तर त्याच्या निम्मी.

तेव्हा अडचण वेळेची कमी आणि टेबलांची जास्त असावी. शेजारच्या वर्गात सात टेबलं लागतात का बघा. तिथे सॉकेट किती आहेत तेही बघा, कारण प्रत्येक संघाला लॅपटॉप आणि चार्जर लावायला जागा लागते आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर सहा जण लोंबकळले की दुपारपर्यंत काहीतरी जळतं. जेवणाच्या डब्यांचा आकडा, पंचांची संख्या, पिण्याचं पाणी, सगळं तपासा. जमत असेल तर साती शाळांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र जाऊ द्या, आणि उत्तराला सगळ्यांना सारखीच मुदत द्या.

जमत नसेल तर दुसरी वाट. वेटिंग ९ ने परत नवव्या क्रमांकावर जायचं आणि ती जागा वेटिंग १ ची. हे लिहिताना माझाही हात अडखळतो, कारण नऊ नंबरच्या शाळेतल्या मुलांचा यात काडीचा दोष नाही. कुणाचा फोन गेला, कुणाचं नातं आहे, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. एव्हाना ती मोटरी घट्ट बसवून, सेन्सरची उंची कमीजास्त करून पाहत असतील. पण जि. प. शाळेतली मुलंही तेच करत होती, आणि जागा त्यांची होती. निर्णय घ्यायचाच असेल तर तो याच आठवड्यात घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाव कापलं जाणं मुलांना जास्त लागेल.

आणि निरोप व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. तुमच्या मुख्याध्यापकांनी त्या शाळेत जाऊन किंवा निदान तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करून सांगायला हवं की चूक संयोजकांची आहे, मुलांची नाही.

दुसरी वाट घ्यावी लागली तर आणखी एक गोष्ट करता येईल. वेटिंगवर राहिलेल्या सगळ्या पंधरा संघांना दुपारच्या सुट्टीत खऱ्या मॅटवर एकेक धाव घेऊ द्या. गुण नाहीत, बक्षीस नाही. पाच मिनिटांप्रमाणे दोन मॅटवर चाळीस मिनिटांत हे होतं. लाइन फॉलोअर केलेल्या मुलाला विचारा: शाळेत जमिनीवर काळी टेप चिकटवून सराव करणं वेगळं आणि खिडकीतून ऊन पडलेल्या हॉलमधल्या पांढऱ्या मॅटवर रोबो सोडणं वेगळं. प्रकाश बदलला की सेन्सरचं वाचन बदलतं, आणि घरी सुतासारखा चालणारा रोबो पहिल्याच वळणावर भलतीकडे निघतो. तिथे गुडघ्यावर बसून सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करणं, म्हणजे त्या प्रकाशाशी जुळवून घेणं, यातच अर्धं शिकणं असतं. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनाही एवढं देता येतं. मात्र ते पंधराही जणांना द्या, फक्त नऊ नंबरला नको.

मुख्याध्यापकांशी काय बोलायचं? त्यांना कोंडीत पकडायला जाऊ नका. त्यांच्यावरही दबाव आला, आणि ‘अंतर्गत बाब’ हे शब्द बहुधा त्या भीतीतूनच आलेत. त्यांना सांगा की यादी भिंतीवर लागलेली असली की विश्वस्तांच्या फोनला उत्तर देणं त्यांनाच सोपं जातं: ‘साहेब, यादी सगळ्या शाळांनी पाहिलीय, क्रम बदलला तर एक्केचाळीस मुख्याध्यापक विचारतील.’ यादी कपाटात असेल तर हे म्हणता येत नाही आणि प्रत्येक फोन त्यांना एकट्याने झेलावा लागतो. रेल्वेचं वेटिंग तिकीट काढणाऱ्या कुठल्याही माणसाला आपला नंबर कळतो, तो रोज हललेला दिसतो, आणि चार्ट लागल्यावरही नाव वेटिंगवरच राहिलं तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. तिथेही कोटे असतात, पण ते आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या मुलांच्या स्पर्धेत निदान एवढं तरी असावं, असं मागण्यात उद्धटपणा कसला?

समजा ते तरीही ‘नाही’ म्हणाले. मग दोन गोष्टी करा. काय घडलं ते तारखांसह एका पानावर लिहा, त्यांच्या नावाने रीतसर द्या आणि पोच घ्या. आणि पालकांना उत्तर देण्याचं काम नम्रपणे त्यांच्याकडे सोपवा: ‘सर, जागा भरली असं मी आता पुन्हा सांगू शकणार नाही.’ यादीचा फोटो काढून कुठल्या ग्रुपवर टाकू नका. त्यात शाळांबरोबर मुलांची नावं, मोबाइल नंबर असतील, आणि मग चर्चा अन्यायाची राहणार नाही, फोटो कुणी फोडला याची होईल. तुमची नोकरी आहे, घर आहे, याची मला जाणीव आहे. तुम्ही हुतात्मा व्हा असं मी म्हणत नाही. एक खोटं दुसऱ्यांदा बोलायचं नाही, एवढं मागते.

आता यादी जाहीर करायची म्हणजे काय काय लावायचं. शाळेचं नाव, अर्ज आल्याची तारीख आणि वेळ, प्रतीक्षा क्रमांक, जागा देऊ केली ती तारीख, उत्तर काय आलं ती तारीख. बस. विद्यार्थ्यांची नावं नकोत, मार्गदर्शकांचे नंबर नकोत. ज्यांनी माघार घेतली त्यांचं कारणही लिहायला नको. एखाद्या मुलाच्या घरी आजारपण असेल, ते जिल्हाभर कशाला व्हावं? वेटिंग ९ च्या ओळीतही जे घडलं ते लिहा: कोणत्या तारखेला, क्रम सोडून. विश्वस्तांचं नाव लिहायची गरज नाही. पण कुणी समोर येऊन विचारलं की त्या शाळेचा संस्थेशी काही संबंध आहे का, तर ‘हो, आहे’ म्हणा.

वेटिंग ३ च्या पालकांचा राग येऊ देऊ नका. यादी मागणं हा त्यांचा आगाऊपणा नाही. मुलगी रोज संध्याकाळी विचारते, ‘आपलं होणार का?’ आणि त्यांच्याकडे उत्तर नाही. शिवाय प्रश्न पैशांचाही असतो. नव्या मोटरी घ्यायच्या का, बॅटरीचा दुसरा सेट मागवायचा का, की यंदा होणार नाही म्हणून थांबायचं? वेटिंगवरच्या संघाचं खरं नुकसान या अधांतरी राहण्यात होतं. गेल्या वर्षी वेटिंगमधून किती संघ आत आले हे तुमच्या वहीत असेलच. तो आकडा यादीच्या वर लिहून टाका. बाराव्या क्रमांकावरच्या शाळेला दोन शाळाच आत येतात हे कळलं तर ती शाळा पैसे जपेल, आणि मुलांनाही ताटकळत ठेवणार नाही.

हे झालं या बारा दिवसांचं. पण दुखणं जुनं आहे. ते नोंदणीच्या पद्धतीत आहे, आणि मला त्यावर जास्त बोलायचंय.

‘जो आधी त्याची जागा’ हा नियम दिसायला अगदी निर्मळ दिसतो. कुणाची शिफारस नाही, घड्याळ काय ते ठरवणार. पण तुमच्या गुगल फॉर्मच्या शीटमधला वेळेचा रकाना उघडून बघा. पहिल्या दहा मिनिटांत आलेले अर्ज कुठल्या शाळांचे आहेत? माझा अंदाज आहे की बहुतेक शहरातल्या, जिथे संगणक शिक्षक स्वतंत्र आहे, ऑफिसात नेट चालतं आणि फी भरायला वेगळी मंजुरी लागत नाही, अशा शाळांचे असतील. जि. प. शाळेच्या सरांनी फॉर्म भरायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारलं असेल, मुख्याध्यापक त्या दिवशी केंद्राच्या बैठकीला गेले असतील. घड्याळाने मोजला तो शाळेच्या कार्यालयाचा वेग. मुलांची तयारी किंवा गरज त्यात कुठेच मोजली गेली नाही. (आणि एवढं असूनही ही शाळा वेटिंगवर पहिली होती, हे लक्षात घ्या.)

पुढच्या वर्षी नोंदणी आठवडाभर उघडी ठेवा. पहिल्या दिवशी आलेला अर्ज आणि सातव्या दिवशी आलेला अर्ज सारखाच. मुदत संपल्यावर जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर सोडत काढा, शाळांचे प्रतिनिधी समोर बसवून, आणि त्याच सोडतीत प्रतीक्षा क्रमांकही लावून टाका. आपल्याकडे पालकांना हे नवीन नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी राज्यात ऑनलाइन सोडत निघते, निवड यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते, प्रवेश निश्चित करायच्या तारखा जाहीर होतात. त्या प्रक्रियेबद्दलही तक्रारी असतात, पण आपलं नाव कुठे आहे हे पालकाला दिसतं.

नुसत्या चिठ्ठ्यांनी मात्र एखादी शाळा तीन-तीन वर्षं बाहेर राहू शकते. त्यावरचा उपाय दुसऱ्यांनी शोधून ठेवलाय. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिची शालेय मुलांची मोठी रोबोटिक्स स्पर्धा १९९२ पासून होते आणि अंतिम फेरी हल्ली ह्यूस्टनला भरते. तिथे जिंकून पात्र ठरणाऱ्यांखेरीज उरलेल्या जागांसाठी प्रतीक्षा यादी असायची, आणि त्या यादीच्या सोडतीत, संघाला अंतिम फेरीत जाऊन जितकी जास्त वर्षं झाली असतील तितकी त्याची शक्यता वाढवलेली असे. तुमच्या स्पर्धेत हे अगदी साधेपणाने होईल: गेल्या वर्षी जागा न मिळालेल्या शाळेच्या दोन चिठ्ठ्या, दोन वर्षं न मिळालेल्या शाळेच्या तीन. डब्यात किती चिठ्ठ्या कुणाच्या, हे सोडतीआधी वाचून दाखवा.

व्हेक्स या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत वेगळा विचार आहे. तिथल्या जागतिक स्पर्धेच्या रिकाम्या राहिलेल्या जागा भरताना ‘स्किल्स’ची, म्हणजे संघाने एकट्याने खेळून मिळवलेल्या गुणांची क्रमवारी बघितली जाते आणि ती क्रमवारी कुणालाही बघता येते. मला शालेय, जिल्हा पातळीवर गुणांपेक्षा सोडत पटते, कारण इथे उद्देश जास्तीत जास्त मुलांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर जाण्याचा आहे; विभाग किंवा राज्य पातळीवर मी गुणांच्या बाजूने बोलेन. पण व्हेक्सच्या स्थानिक स्पर्धांतला एक नियम उचलण्यासारखा आहे: एका संस्थेच्या किती संघांनी नोंदणी करायची याला ठरावीक तारखेपर्यंत मर्यादा असते, नंतर जागा उरल्या तर ती उठवतात. यंदा तुमच्याकडे शाळागणिक एकच संघ आला. स्पर्धेचं नाव झालं की मोठ्या शाळा तीन-तीन संघ पाठवू लागतील. प्रत्येक शाळेचा पहिला संघ आत आल्याशिवाय कुणाचाही दुसरा संघ नाही, हे आत्ताच नियमात लिहून ठेवा.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. त्या २४ मध्ये तुमच्या स्वतःच्या शाळेचा संघ आहे का, आणि असला तर तो फॉर्म भरून आला की आपोआप? यजमानाला जागा राखीव असणं मला गैर वाटत नाही. हॉल तुमचा, राबणारी माणसं तुमची. आशिया-पॅसिफिकच्या एबीयू रोबोकॉन या महाविद्यालयीन रोबो स्पर्धेत प्रत्येक देशाचा एक संघ आणि यजमान देशाचे दोन, अशी पद्धत आहे. २००८ आणि २०१४ मध्ये ती स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा भारताला तोच लाभ मिळाला. २००८ ला तर विषयच दहीहंडीचा होता, रोबोंनी लोण्याची मडकी गाठायची होती. यजमानाचे दोन संघ म्हणून कुणी कटकट केल्याचं ऐकिवात नाही, कारण नियम आधीपासून लिहिलेला होता. तुमच्या संस्थेला यजमान म्हणून एक जागा हवी असेल, विश्वस्तांना शिफारशीची एक जागा हवी असेल, तर अर्ज मागवतानाच तसं छापा: ‘२४ पैकी १ जागा यजमान शाळेसाठी, १ संस्थेच्या शिफारशीने.’ छापायची लाज वाटली, तर ती जागा ठेवू नका.

पैशाचंही एक. वेटिंगवरच्या शाळांकडून फी घेतली असेल तर यादी बंद होताच परत करा, अर्ज करायला लावू नका. पुढच्या वर्षी जागा निश्चित झाल्यावरच फी घ्या. यादी बंद करायची तारीखही आधी सांगा. स्पर्धेच्या पाच दिवस आधी, असं मी धरेन. त्यानंतर एखादा संघ गळला तर टेबल रिकामं राहू द्या. आदल्या संध्याकाळी ‘येता का?’ म्हणून फोन केला तर शहरातलीच शाळा येऊ शकते, साठ किलोमीटरवरची नाही. आणि जागा देऊ केल्यावर उत्तराला शाळेचे तीन कामाचे दिवस द्या, सगळ्यांना. त्या तीन दिवसांत ती जागा दुसऱ्या कुणाच्याही नावावर जाणार नाही, हे लिहून द्या.

वेटिंगचं काम एकटीकडे ठेवू नका. दोघींनी मिळून करा, त्यातली एक शक्य असेल तर दुसऱ्या संस्थेच्या शाळेतली असू दे. प्रत्येक फोन, प्रत्येक होकार-नकार एका वहीत, वेळ घालून. ज्याची पुतणी किंवा भाचा एखाद्या संघात आहे, त्याने त्या वर्षी यादीला हात लावायचा नाही.

शेवटी सगळ्या शाळांना पाठवायच्या पत्राचा मसुदा देते. तुमच्या भाषेत बदलून घ्या, पण लांबवू नका:

‘स. न. वि. वि. आमच्या स्पर्धेच्या प्रतीक्षा यादीतून जागा देताना एका ठिकाणी क्रम मोडला गेला. मुदतीच्या आत होकार दिलेल्या शाळेची जागा यादीत तिच्या बऱ्याच मागे असलेल्या शाळेला दिली गेली. ही चूक संयोजकांची आहे; दोन्ही शाळांची किंवा त्यांच्या विद्यार्थ्यांची नाही. ती आम्ही पुढीलप्रमाणे दुरुस्त करत आहोत.’ यापुढे जी वाट ठरेल ती दोन वाक्यांत लिहा. मग: ‘तारीखवार पूर्ण यादी सोबत जोडली आहे. पुढील वर्षीच्या नोंदणीचे नियम अर्ज मागवण्याआधी सर्व शाळांना कळवले जातील. काही शंका असल्यास खालील दोन क्रमांकांवर बोलावे.’

पत्रावर मुख्याध्यापकांची सही हवी, तुमची एकटीची नको. ते एक्केचाळीस शाळांना एकाच वेळी जाऊ द्या, शनिवारी दुपारी नाही तर सोमवारी सकाळी, शाळा भरलेल्या असताना. खाली दोन नंबर लिहाल ते खरोखर दोन माणसांचे असू द्या. पहिल्या दिवशी फोन भरपूर येतील, काही जण तावातावाने बोलतील, आणि तुम्हाला दुपारचे तासही घ्यायचे असतील.